मदत हवी आहे: चंद्राच्या अनेक फ्रेम्स एकत्र करून एक चित्र (स्टॅक) केल्यावर क्लेवियस या मोठ्या चांद्रविवरामधल्या छोट्या विवरांना दुहेरी काठ

८ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या स्टँडवरची आरशाची दुर्बीण (एफ/६, फोकल लांबी १२०० मिमी), २एक्स बार्लो (प्रतिमा दुप्पट मोठी करणारं भिंग), २.९ मायक्रॉन पिक्सेलचा रंगीत कॅमेरा. ट्रॅकिंग (आकाशाबरोबर दुर्बीण आपोआप फिरवणारी यंत्रणा) नाही आणि सध्या बसवताही येणार नाही.

एक्स्पोजर ५ मिलिसेकंद; चंद्र सरकतो तो फ्रेममागे साधारण ०.३ पिक्सेल, म्हणजे दोष तिथे नसावा. ३००० फ्रेम्सपैकी उत्तम १० टक्के ऑटोस्टॅकर्ट या स्टॅक करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घेतो. कॉलिमेशन (आरशांची जुळणी) ताऱ्यावर तपासलं, आरसा तासभर थंड होऊ दिला, शार्पनिंगशिवायही पाहिलं. सुटी फ्रेम बरी दिसते. स्टॅकमध्ये मात्र मधला भाग स्वच्छ आणि कडेची विवरं दुहेरी!

अलाइनमेंट पॉइंट (फ्रेम्स एकमेकींशी जुळवायला सॉफ्टवेअर वापरतं ते चौकोन) ४८ पिक्सेलचे आहेत. ते १०० च्या पुढे न्यावेत, की क्लेवियस दृश्याच्या मध्याजवळ असतानाच्याच फ्रेम्स स्टॅक कराव्यात?