मदत हवी आहे : रेवदंड्यात आजोबांची कबर शोधायची आहे, चार पिढ्या येतोय

नमस्कार मंडळी,

मी इस्रायलमध्ये अश्दोदला राहते. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. १९९१ साली ठाण्याहून इकडे आलो तेव्हा माझी दहावी नुकतीच झाली होती, म्हणून मराठी लिहिता येतं. माझ्या मुलांना बोलताही येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आईचं मराठी मात्र अजून रेवदंड्याचंच आहे. ती आता ८२ वर्षांची आहे.

या वर्षी ती म्हणाली, "मला एकदा बाबांच्या कबरीपाशी घेऊन चला." तिने कधी कुणाकडे काही मागितलेलं नाही, त्यामुळे त्याच रात्री दादाने आणि मी ठरवलं की सगळ्यांनी जायचं. आई, मी आणि माझा नवरा, माझा मुलगा, लेक-जावई आणि तीन वर्षांची नात, दादा-वहिनी आणि त्यांचे दोन मुलगे. एकूण ११ जण. तिकिटं अजून काढलेली नाहीत, आधी इथे विचारतेय.

आजोबा वारले ते १९५१ च्या नोव्हेंबरात. आईच्या जुन्या प्रार्थनेच्या पुस्तकात पहिल्या पानावर कुणीतरी शाईने लिहून ठेवलंय : हेश्वान, ५७१२ (हिब्रू महिना आणि वर्ष). त्यामुळे त्यांचा स्मृतिदिन आपल्या दिवाळीच्या पुढेमागे येतो. पाऊसही तेव्हा ओसरलेला असतो, म्हणून तोच मुहूर्त धरलाय. आई तेव्हा आठ वर्षांची होती. आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात सगळे आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. आजोबा गेल्यावर आजी मुलांना घेऊन मुंबईला जेकब सर्कलला भावाकडे आली, आणि मग रेवदंड्याला परत जाणं झालंच नाही.

आता अडचणी सांगते.

पहिली आणि सगळ्यात मोठी, कबर. आईला एवढंच आठवतं की नारळाच्या वाडीतून पायवाट होती आणि खाडीचा वास यायचा. दगडावर हिब्रू आणि मराठी दोन्ही असेल असं तिला वाटतं. फोटो नाही. कबरस्तानाची आज काय अवस्था आहे, दगड वाचता येतात का, कुणाला विचारून आत जायचं?

दुसरी, माणसं. कबरीपाशी कद्दिश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायला मिन्यान लागतं, म्हणजे तेरा वर्षांपुढचे दहा पुरुष. आमच्यात सहा आहेत. त्यातही जावई मोरोक्कोहून आलेल्या घराण्यातला आणि कोहेन, म्हणजे पुरोहित वंशातला. कोहेनाने कबरस्तानात जायचं नसतं. आमच्या बेने इस्रायली घरांत कोहेन नसल्यामुळे हा प्रश्न कधी आलाच नव्हता. म्हणजे उरले पाच. रेवदंड्यात, अलिबागला आता आपली किती घरं आहेत? कुणी येईल का?

तिसरी, मलिदा, म्हणजे एलियाहू हन्नबींच्या नावाने करायचा पोहे-गूळ-नारळाचा प्रसाद. जावयाचा मोठा अपघात झाला होता, तेव्हा आईने खंडाळ्याला मलिदा करायचा नवस बोलला होता. तो फेडायचाय. पण नकाशावर खंडाळा टाकलं की लोणावळ्याजवळचं येतं, आणि आई म्हणते, "छे, आमचं खंडाळं अलिबागजवळ."

आई काठी घेऊन शंभर पावलं चालते, त्यापुढे चाकाची खुर्ची. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत आम्ही गाडीत बसत नाही, तेही धरून चाला.

—

प्रतिसाद : चौलचा वारा

ताई, आधी खंडाळ्याचं. आईंचं बरोबर आहे. अलिबागजवळच्या खंडाळा गावात तो खडक आहे. प्रेषित एलियाहू हन्नबींच्या रथाच्या खुणा त्यावर उमटल्या असं तुमचे लोक मानतात, आणि नवस फेडायला तिथे येतात. अलिबागच्या माणसाला नुसतं "इस्रायली लोकांचं ठिकाण" म्हणालात तरी दाखवेल. शेवटचा तुकडा ओबडधोबड आहे, तेव्हा खुर्ची उचलायला दोन तरुण हाताशी ठेवा.

मुंबईहून गेटवेची लाँच घेऊ नका. धक्क्याच्या पायऱ्या आणि हलती लाँच, ८२ वर्षांच्या बाईंना तो त्रास देऊ नये. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, त्यात गाडीसकट चढता येतं. तासाभराचा प्रवास. मांडवा ते अलिबाग साधारण २० किलोमीटर, तिथून रेवदंडा आणखी १७-१८.

वाटेतच वळून नवगावला जा. तुमच्या पूर्वजांचं गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या आणि बुडालेल्यांना तिथेच पुरलं असं सांगतात, ती जागा. स्मारक आहे. तुमच्या पोरांना मुळापासून दाखवायचं असेल तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

—

प्रतिसाद : कोपरीकर

शालोम ताई. मी ठाण्याचाच, आपल्याच समाजातला. तुमचा मिन्यानचा प्रश्न वाचून थांबवेना.

माझं ऐकाल तर कद्दिशची जागा बदला. कबरीपाशी तेहिलीम, म्हणजे स्तोत्रं, म्हणा, त्याला दहा माणसं लागत नाहीत, बायका-मुलं सगळी म्हणू शकतात, आईसुद्धा. मग तिथून रेवदंड्याच्या बेथ एल सिनेगॉगमध्ये, आपल्या प्रार्थनास्थळात, जा आणि कद्दिश तिथे म्हणा. तिथे तुमचा जावईही मोजला जाईल, म्हणजे सहा. उरले चार. चार माणसं मी ठाण्याहून आणतो. रविवार ठेवा, नोकरीवाल्यांना सोपं जातं. तुमचे रब्बी (धर्मगुरू) कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर कोहेन उभा चालेल म्हणाले तर तेही करता येईल, पण ते त्यांनाच विचारा.

बेथ एल १८४२ सालचं आहे. आजोबा शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या प्रार्थनेला, तिथेच बसले असणार. आईंना आत बसवून थोडा वेळ एकटं राहू द्या.

शब्बाथ अलिबागला काढा. इस्रायल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग आहे, १८४८ चं, १९१० मध्ये नव्याने बांधलेलं. चालत पोचता येईल अशा ठिकाणी उतरा. आधी निरोप देऊन जा आणि सगळ्यांची पारपत्रं जवळ ठेवा, हल्ली विचारतात.

मलिद्याचे पोहे, गूळ, नारळ, वेलची, फळं सगळं अलिबागच्या बाजारात मिळेल. तिकडून फक्त खजूर आणा.

—

प्रतिसाद : वाडीवाली

माझं माहेर रेवदंडा. आमच्याकडे सिनेगॉगला अजून मशीदच म्हणतात, तेव्हा रस्ता विचारताना "इस्रायली मशीद" म्हणा, नाहीतर लोक गोंधळतील.

कबरस्तानात पावसानंतर कमरेएवढं गवत असतं. तुम्ही येण्याच्या एक आठवडा आधी कापून घ्यायला सांगा. दगड काळवंडलेले असतात. घासू नका, तारेचा ब्रश तर अजिबात नको. स्वच्छ पाणी ओता आणि सकाळच्या नाहीतर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघा, अक्षरं उठून दिसतात.

घर शोधणार असाल तर सातबारात वेळ घालवू नका, गावठाणातलं घर त्यात मिळायचं नाही. ग्रामपंचायतीत घरांच्या आकारणीची नोंदवही असते, नमुना ८ म्हणतात, तिथून मागे जाता येतं. आजोबांचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव आणि आळी माहीत असायला हवी. आईंना विचारा, घराच्या आसपास काय होतं? विहीर, देऊळ, कुणाची वाडी? असं काही कळलं तर माझ्या काकांना दाखवते. ते ८८ वर्षांचे आहेत.

—

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवले. "इस्रायली मशीद" ऐकल्यावर ती म्हणाली, "हां, मशीदच." खूप वर्षांनी हा शब्द तिच्या कानावर पडला.

कोपरीकर, तुमच्या चार माणसांसाठी काय बोलू? रविवारच धरतो. जावयाला हिब्रूत समजावून सांगितलं, तर तो म्हणाला, मी कुंपणाबाहेर बाळाला घेऊन थांबतो आणि मग सिनेगॉगमध्ये तुमच्याबरोबर उभा राहतो.

गवताचं आणि पाण्याचं लक्षात ठेवलंय. काम वाटूनही घेतलंय. भाचे मराठी वाचू शकत नाहीत, पण हिब्रू वर्ष अक्षरांत लिहितात ते त्यांना ओळखता येतं. ५७१२ म्हणजे ताव, शीन, योद, बेत. ते दगडादगडावर ही चार अक्षरं शोधतील, जिथे सापडतील तिथे मराठी मी वाचेन, आणि नाव ओळखायचं काम आईचं.

वाडीवाली, तुमचा प्रश्न तिला विचारला आणि ती तासभर बोलत होती. घरासमोर विहीर होती, तिच्यावर लाकडी रहाट. डाव्या हाताला एका काकींची सुपारीची वाडी. नाव आठवत नाही, सगळी मुलं त्यांना नुसतं काकी म्हणत. आमच्याकडे शनिवारी चूल पेटवायची नाही, तर त्या स्वतः येऊन पेटवून द्यायच्या. घाण्याचा बैल शुक्रवारी संध्याकाळी सोडला की शनिवारभर काकींच्या वाडीत बांधलेला असायचा. आई आणि काकींची मुलगी त्याला शहाळ्याच्या साली घालायच्या. बैलाचं नाव मोत्या. आजोबा गेले त्या आठवड्यात घाणा बंदच होता, बैल काकींकडेच राहिला, आणि आम्ही मुंबईला निघालो तेव्हा तो तिथेच सोडला.

आईला आता कबरीइतकंच त्या काकींच्या घरी जायचंय. तुमच्या काकांना एवढंच विचाराल का, रेवदंड्यात कुणाच्या सुपारीच्या वाडीत शनिवारी तेल्याचा बैल बांधलेला असायचा?