पार्किंगमधलं चार्जिंग : गेटला फास्ट चार्जर का आपापला पॉइंट?

सचिव (ए-१०४): सगळ्यांना नमस्कार. रविवारच्या मीटिंगमधला एक विषय आधीच ग्रुपवर टाकतोय. आपल्याकडं इलेक्ट्रिक गाड्या वाढायला लागल्यात, अजून दोघातिघांचं बुकिंग झालंय. एका कंपनीचा माणूस येऊन गेला, त्यांचं म्हणणं गेटजवळच्या मोकळ्या जागेत ३० किलोवॅटचा फास्ट चार्जर बसवा, आपल्या गाड्या पण होतील आणि बाहेरच्यांकडनं पैसे पण येतील. दुसरा पर्याय म्हणजे ज्याची गाडी त्यानं आपल्या पार्किंगला पॉइंट घ्यायचा. मोकळेपणानं बोला.

माने (बी-३०१): फास्टच घेऊया की सर. तासाभरात काम खलास. रात्रभर वायर लावून ठेवायची म्हणजे डोक्याला ताप. मेंटेनन्सला पण हातभार लागेल.

पवार (सी-५०१): मला पण तेच वाटतंय. सुट्ट्यांच्यात कोल्हापुरात अंबाबाईला येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या किती गाड्या चार्जर शोधत फिरत असत्यात.

शिंदे वहिनी (सी-२०२): मला जरा सविस्तर लिहायचंय, लांबलं तरी पूर्ण वाचा. आमच्या गाडीची बॅटरी ४०.५ युनिटची. ह्यांचं रोज गोकुळ शिरगाव एमआयडीसीत जाणं-येणं, वर पोरांचे क्लास, माझं राजारामपुरी-शाहूपुरी, असं सगळं धरून दिवसाला तीसेक किलोमीटर होतं, लई झालं तर चाळीस. शहरात एका युनिटला साधारण सात किलोमीटर जाते गाडी. चार्जिंगमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते ती धरली तरी रोजचे पाच-सहा युनिट झाले. आणि साधा १५ अँपियरचा पॉइंट तासाला तीन युनिट देतो. म्हणजे दोन तास! रात्री आलं की लावायची, सकाळी भरलेली. आता गेटला एकच फास्ट चार्जर असला तर काय होईल ते डोळ्यापुढं आणा, एकाची झाली की त्यानं काढायची, मग दुसऱ्यानं लावायची, ज्याची झाली तो जेवायला बसलेला नाहीतर झोपलेला, आणि ग्रुपवर "बी विंगची पांढरी गाडी कुणाची, काढा" हे रोज रात्री अकराला. माझं स्पष्ट मत आहे, गाडी जिथं रात्री उभी असते तिथंच चार्ज व्हायला पाहिजे. फास्ट चार्जर हायवेला पाहिजेत, आपल्या गेटला नकोत.

माने (बी-३०१): वहिनी पण लाईट बिल किती वाढलं ते पण सांगा की. घरच्या मीटरवर स्लॅब लागतोय ना.

शिंदे वहिनी (सी-२०२): लागतो, आणि हे नवीन गाडी घेणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावं. महावितरणचे घरगुती स्लॅब १००, ३०० आणि ५०० असे आहेत. आमच्या घराचे दोनशेच्या आसपास युनिट, गाडीचे महिन्याला दीडशे. म्हणजे गाडीचे शंभर युनिट दुसऱ्या स्लॅबला पडतात आणि वरचे पन्नास तिसऱ्या स्लॅबला, जिथं युनिटचा दर अजून वर जातोय. मे महिन्यात एसी लागला की गाडीचं जवळजवळ सगळंच वरच्या स्लॅबला. म्हणून घरच्या मीटरवर चार्जिंग फुकटात पडतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण उपाय आहे. गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मिळतं, त्याला स्लॅब नाही, एकच दर आणि वेळेप्रमाणं थोडा कमी-जास्त, आणि तो वरच्या स्लॅबपेक्षा बराच खाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारले त्यात मागेल त्याला असं वेगळं कनेक्शन द्यायचं असं आहे.

पवार (सी-५०१): आणि बाहेर काय पडतंय?

माने (बी-३०१): माझ्या मेव्हण्याची गाडी आहे, तो सांगतो वीस रुपयाच्या आसपास युनिट आणि वर १८ टक्के जीएसटी.

शिंदे वहिनी (सी-२०२): म्हणजे साडेतेवीसच्या पुढं झालं. किलोमीटरला तीन-साडेतीन रुपये. पेट्रोलपेक्षा कमीच आहे पण घरच्याच्या जवळजवळ दुप्पट. रोज तसंच करायचं तर इलेक्ट्रिक गाडीला जे जास्तीचे पैसे घातले ते वसूल व्हायला किती वर्षं लागतील बघा.

कुलकर्णी सर (ए-३०२): चर्चा चांगली चालली आहे. माझा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. आमच्या दोघांच्या गुडघ्यांमुळे आम्ही पळू शकत नाही. खाली पार्किंगमध्ये दहा गाड्या रात्रभर चार्जिंगला आणि वर आम्ही झोपलेले, हे मला अस्वस्थ करते. कृपया कोणीतरी जाणकाराने नीट सांगावे.

जाधव (बी-१०२): सर मी सांगतो, माझं कामच हे आहे, उद्यमनगरातल्या वर्कशॉपांची वायरिंग करून आयुष्य गेलं. मी जितकी जळालेली प्रकरणं बघितली त्यात गाडीपेक्षा सॉकेटचा दोष जास्त. बी विंगच्या जिन्याखाली एक जुना सॉकेट आहे, स्कूटर लावायचे तिथं. मागच्या आठवड्यात खोलून बघितला. फेज पिनची पट्टी सैल, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलंय, आतली वायर दीड एमएमची आणि तिचं रबर बिस्किटासारखं हातात मोडतंय. मिक्सर लावला तर पाच मिनिटांत बंद होतोय म्हणून निभावतंय, गाडी सहा तास सलग १३-१४ अँपियर ओढती, तिथं सैल पिन म्हणजे चूलच. तो सॉकेट मी त्याच दिवशी बंद केलाय, कुणी चालू करू नका. बरोबर पद्धत सांगतो. प्रत्येक पॉइंटला मीटरपासनं स्वतंत्र वायर, १५ अँपियरसाठी तांब्याची ४ स्क्वेअर एमएम, ७.२ किलोवॅटचा वॉल बॉक्स, म्हणजे भिंतीवरचा मोठा चार्जर, असंल तर ६ किंवा जास्त, मध्ये जॉइंट नको. स्वतंत्र एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाईट तोडती) आणि इंडस्ट्रियल सॉकेट. अर्थिंग वेगळं. अर्थिंग खराब असलं तर बऱ्याच गाड्या चार्जिंगच घेत नाहीत, लाल दिवा लावून बसत्यात, लोकांना वाटतं गाडी बिघडली.

कुलकर्णी सर (ए-३०२): धन्यवाद जाधव. आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली सोडलेली ती पिवळी वायर?

जाधव (बी-१०२): ती आज संध्याकाळी निघाली पाहिजे सर. कुणाची का असेना. एक्स्टेन्शन बोर्डवर गाडी लावायची नाही हा नियम सगळ्यात आधी करा.

सचिव (ए-१०४): सांगतो त्यांना. आता लोडचं काय? ट्रान्सफॉर्मर झेपेल का?

जाधव (बी-१०२): ३० किलोवॅटचा फास्ट चार्जर म्हणजे एकदम ३० किलोवॅट, तो संध्याकाळी सातला कुणीतरी लावणार, त्याच वेळी लिफ्ट, पंप, सगळ्यांचे गिझर-टीव्ही. थ्री फेज लोड वाढवून घ्यावा लागेल, केबल बदलावी लागेल, चार्जरचेच काही लाख. त्याउलट दहा साधे पॉइंट मिळून कागदावर तेवढेच ३३ किलोवॅट, पण सगळ्या गाड्या एकदम रिकाम्या कधीच नसत्यात, कुणाची दीड तासात संपती कुणाची तीन. बहुतेक गाड्यांत टायमर असतोय, रात्री अकरानंतर चालू करा म्हटलं की निम्मा प्रश्न मिटला.

माने (बी-३०१): बरं पण मला कधी कोकणात जायचं अचानक ठरलं, बॅटरी २० टक्के असली तर?

शिंदे वहिनी (सी-२०२): तर शहरातल्या नाहीतर हायवेच्या फास्ट चार्जरला जायचं, तो त्यासाठीच आहे. पण रोज घरी लावणाऱ्याची बॅटरी २० टक्क्यांवर फारशी येतच नाही बघा. पुण्याचं सांगते. इथनं २३० किलोमीटर, आम्ही निघतो १०० टक्के भरून, त्यामुळं सातारच्या अलीकडं-पलीकडं जेवायला थांबलं की वीस-पंचवीस मिनिटांचं चार्जिंग पुरतं, खंबाटकी घाट ओलांडून निवांत पोचतो. जो घरनं ४० टक्क्यांवर निघतो त्याला तासभर बसावं लागतं. तुमच्या घरचा पॉइंट जितका चांगला तितका हायवेचा थांबा छोटा, हे लक्षात घ्या.

पवार (सी-५०१): फास्टला ८० टक्क्यांनंतर लई हळू होतं म्हणत्यात, खरं का?

शिंदे वहिनी (सी-२०२): खरंय. घागर काठापर्यंत आली की आपण नळ बारीक करतो तसंच गाडी स्वतःच करंट कमी करते, नाहीतर सेल तापतात. ८० ते १०० ला कधीकधी १० ते ८० एवढाच वेळ जातो. म्हणून हायवेला ८० ला वायर काढायची आणि मागच्याला जागा द्यायची. दिवाळीत एका ठिकाणी एक जण ९७ टक्क्यांवर वायर लावून हॉटेलात बसलेला, मागं पाच गाड्या, त्यातल्या एकीत म्हातारी माणसं आणि तान्हं बाळ. मला फार राग आलेला. आणि दोन गन (गाडीला लावायच्या वायरी) असलेल्या चार्जरला दुसरी गाडी लागली की बऱ्याच ठिकाणी पॉवर वाटली जाते, ६० किलोवॅट लिहिलंय म्हणून ६० मिळेलच असं नाही, तुमची गाडी किती घेऊ शकते त्यावर पण आहे.

माने (बी-३०१): चार्जर बंद पण असतात ओ. ॲपमध्ये हिरवा दाखवतोय, जाऊन बघितलं तर स्क्रीन काळी. मेव्हण्याला कराडजवळ रात्री अकराला असं झालं, वॉलेटमधनं पैसे पण कटले, परत यायला आठवडा लागला. बायको-पोरं गाडीत.

शिंदे वहिनी (सी-२०२): म्हणून पोचताना १५-२० टक्के शिल्लक राहील आणि पुढचा दुसरा चार्जर गाठता येईल असंच थांबायचं ठरवायचं.

देसाई (ए-५०२): फास्टनं बॅटरी खराब होते का? मी पुढच्या महिन्यात घेतोय.

शिंदे वहिनी (सी-२०२): अधनंमधनं केलं तर काळजी करू नका, बऱ्याच कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. रोज फास्टच, आणि तेही भर उन्हातनं आल्या आल्या १०० पर्यंत, असं करू नका. बॅटरी एलएफपी आहे का एनएमसी ते विचारून घ्या, हे बॅटरीतल्या सेलचे दोन प्रकार आहेत. एनएमसी रोज ८० पर्यंतच ठेवलेली बरी. एलएफपीला १०० चालतं, उलट मधनंमधनं स्लो चार्जिंगनं पूर्ण भरा असं पुस्तकातच असतं, कारण सगळे सेल एका पातळीला आणायचं काम शेवटच्या टप्प्यात सावकाश होतं. आणि गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचा आहे का ७.२ चा ते बघा, ३.३ चा असला तर वॉल बॉक्सवर जास्तीचे पैसे घालून उपयोग नाही.

बी-४०४ (भाडेकरू): एक विनंती करू का. आमच्या फ्लॅटला पार्किंग नाही, गाडी रस्त्यावर असते. मी भाड्याची गाडी चालवतो, दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर. मला फास्टशिवाय पर्याय नाही, दुपारचा एक-दीड तास त्यातच जातो आणि तो धंद्याचा वेळ आहे. रात्री मला कुठंतरी लावायला मिळाली तर निम्मा खर्च वाचेल.

शिंदे वहिनी (सी-२०२): दादा बरं झालं बोललात. असं करूया ना सचिव साहेब, फास्ट चार्जरच्या जागी पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये ७.२ चे दोन सामाईक पॉइंट, टाइप टू वायरीचे (गाड्यांच्या स्लो चार्जिंगची नेहमीची पिन), कार्ड दाखवून चालू होणारे, युनिटप्रमाणं ज्याचे त्यानं भरायचे. रात्री नऊ ते सकाळी सहा यांच्यासाठी आणि ज्यांना पार्किंग नाही त्यांच्यासाठी राखीव. रात्रभरात ती गाडी शून्यापासून भरते.

सचिव (ए-१०४): हे चांगलं आहे. पैशाचं?

देसाई (ए-५०२): गच्चीवर सोलर घेऊया म्हणत होतो ना आपण. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागं १८,००० रुपये अनुदान आहे आणि त्यात गाड्यांचं चार्जिंग धरलेलं आहे. लिफ्ट, पंप आणि हे दोन पॉइंट एकत्र करून प्रस्ताव करूया.

कुलकर्णी सर (ए-३०२): एक गोष्ट कोणीच बोलले नाही. पूर. २०१९ ला आणि परत २०२१ ला आपल्या पार्किंगमध्ये पाणी आले होते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या घरात गेली होती. हे बॉक्स नेहमीच्या सॉकेटच्या उंचीला लावले तर पहिल्याच मोठ्या पुरात जातील आणि शॉक बसण्याचा धोका वेगळा.

जाधव (बी-१०२): सर एकदम बरोबर. मी हाच विचार करत होतो. एमसीबी, मीटर सगळं पहिल्या मजल्याच्या लँडिंगवर, खाली फक्त सॉकेट आणि तो पण २०२१ च्या पाण्याच्या खुणेच्या वर. भिंतीवर खूण अजून दिसतीय, जिथं ती डोक्याच्या वर आहे तिथं वायर वरनं लोंबती सोडू. आणि मेन स्विच एकच ठेवूया, पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की वॉचमननं तो पाडायचा, कुणाला विचारत बसायचं नाही. ४३ ला धोका पातळी, तोपर्यंत गाड्या उंचावर गेलेल्या पाहिजेत.

पवार (सी-५०१): त्या वेळी लाईटच नसती, मग गाडी चार्ज कुठं?

शिंदे वहिनी (सी-२०२): २०१९ ला शिरोलीजवळ हायवे बंद झाल्यावर पेट्रोल तरी कुठं मिळत होतं पवार भाऊजी. पाणी इशारा पातळीकडं चढतंय अशी बातमी आली की मेन स्विच पाडायच्या आधीच सगळ्यांनी १०० करून ठेवायची. ४० युनिटच्या गाडीत गाव सोडण्याइतकं बळ असतं.

माने (बी-३०१): ठीक आहे, माझं मत बदललं. आपापला पॉइंट आणि ते दोन सामाईक.

पवार (सी-५०१): माझं पण चालेल. पण बाहेरच्या गाड्या आत नकोत, पोरं खेळत असत्यात.

सचिव (ए-१०४): मग रविवारी ठराव असा मांडतो: फास्ट चार्जरला नकार, स्वतःच्या पार्किंगला पॉइंट घ्यायला सोसायटीची परवानगी पण वायरिंग जाधवांनी सांगितल्याप्रमाणंच, दोन सामाईक पॉइंट सोलरच्या प्रस्तावात. जाधव, प्रत्येक पार्किंगपर्यंतचं वायरीचं माप मिळालं तर खर्च सांगता येईल.

जाधव (बी-१०२): उद्या सकाळी सातला येतो टेप घेऊन. सी विंगच्या मीटर रूमची किल्ली वॉचमनकडं ठेवा, आणि पार्किंग नंबर १४ मधलं जुनं फर्निचर ज्याचं असंल त्यानं आज काढा, केबलची वाट तिथनंच जातीय.

देसाई (ए-५०२): फर्निचर माझं आहे, रात्री काढतो.