किमया मनाची की पाऱ्याची?

गोदाकाठ : त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून आलेली माणसे हलकी होऊन परततात, हे आपण नाशिककर वर्षानुवर्षे पाहतो. या विधीत कणकेचा देह आणि नाग करून त्यांच्यावर अंत्यसंस्कार केले जातात. म्हणजे मृतांविषयीच्या न बोललेल्या अपराधभावाला हाताळता येईल असे रूप दिले जाते. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी 1944 च्या ग्रंथात किमयेविषयी, म्हणजे साध्या धातूंचे सोने करू पाहणाऱ्या जुन्या विद्येविषयी, हेच मांडले, की किमयागार आपल्या नेणिवेतील (मनाच्या अजाण भागातील) प्रतिमा नकळत भट्टीतल्या धातूंवर आरोपित करत होता. म्हणून मंत्रविधी, किमया आणि नेणिवेचे मानसशास्त्र यांचे मूळ एकच आहे, असे माझे मत आहे.

खलबत्ता : मी रसौषधे, म्हणजे पारा व धातूंची आयुर्वेदिक औषधे, घडवण्याचे काम करतो आणि मला हे मान्य नाही. आपल्या रसशास्त्रात पाऱ्याचे अठरा संस्कार, म्हणजे त्याच्यावर करायच्या प्रक्रिया, सांगितले आहेत. त्यांतल्या स्वेदनात पाऱ्याची पोटली दोलायंत्रात, म्हणजे आडव्या काठीला पोटली बांधलेल्या भांड्यात, कांजीत (आंबवलेल्या आंबट द्रवात) टांगून शिजवतात. पुढे पारा व गंधक एकत्र खलताना पाऱ्याची चमक पुरती नाहीशी होईपर्यंत हात थांबत नाही, कारण चमक उरली तर ती कज्जली (पारा-गंधकाची काळी भुकटी) कच्ची. पारा आधी धातूवर पारखावा आणि मगच देहाला द्यावा, असे रसार्णव हा रसशास्त्राचा जुना ग्रंथ बजावतो. ही शिस्त पदार्थाची आहे. युरोपातही सतराव्या शतकातील किमयागारांची सांकेतिक कृती रसायनशास्त्राचे इतिहासकार लॉरेन्स प्रिंसिपे यांनी प्रयोगशाळेत करून पाहिली, तेव्हा सोने व पारा यांच्यापासून खरोखर झाडासारखी वाढ झाली. ज्या झाडाला आपण मनाचे प्रतीक म्हणत होतो, ते काचपात्रात उगवले होते!

गोदाकाठ : भट्टी खरी होती, हे युंग नाकारत नाहीत. परंतु भौतिकशास्त्रज्ञ पाउली यांच्या स्वप्नांत किमयाग्रंथांसारख्याच प्रतिमा युंग यांना आढळल्या. ते साम्य पदार्थाच्या गुणधर्मांनी कसे उलगडणार?

जागल्या : मला दोघांपेक्षा वेगळी चिंता वाटते. विधीने मन हलके होत असेल, पण त्याआधी दोषाची भीती कोणी घातली, हेही विचारले पाहिजे. महाराष्ट्राने 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, तो याच भीतीच्या व्यापारामुळे. मानसोपचारात माणूस आपली भीती स्वतःची म्हणून ओळखायला शिकतो, तर इथे ती पत्रिकेतल्या दोषाच्या माथी मारून त्याला घरी पाठवले जाते. दोन्हींना एकाच मुळाचे म्हटले, तर फसवणुकीला शास्त्राचे वस्त्र मिळेल.