फोटोतला सेग्ला सेग्लावरून दिसत नाही

नॉर्वेतल्या सेन्या बेटावरच्या फ्यूर्डगोर्ड गावाला जायचं तर सेग्ला हा डोंगर चढायलाच हवा, असं म्हणतात; ते अर्धंच पटतं. सगळीकडे दिसणारा तो शिडासारखा कडा (नावाचा अर्थही शीडच) फोटोत येतो तो शेजारच्या हेस्टेन डोंगरावरून. हेस्टेन ५५६ मीटर, सेग्ला ६३९. सेग्लाच्या माथ्यावर उभं राहिलं की खाली फ्योर्ड (डोंगरांमध्ये शिरलेली समुद्राची खाडी) दिसतो, पण ज्यासाठी एवढं लांब आलो तो कडा मात्र पायाखाली. एकच डोंगर जमणार असेल तर हेस्टेनच निवडा.

आकडे लहान वाटतात, पण गाव समुद्राच्या काठावर आहे, म्हणजे जवळजवळ सगळी उंची पायांनीच चढायची. खालच्या बर्चच्या झाडीत ओल आणि चिखल, वर मोकळी उभी चढण. सेग्लाच्या एका अंगाला सरळ तुटलेला कडा आहे, कठडा नाही. पावसानंतर गवत आणि शेवाळलेले दगड निसरडे होतात आणि त्रास चढताना नाही, उतरताना होतो. म्हणून काठ्या आणि खोल खाचांच्या तळव्यांचे बूट हवेतच. जूनमध्ये सूर्य मावळत नसल्याने सकाळी ढग असले तर थांबा, रात्री दहालाही निघता येतं. गावात जाताना अरुंद बोगदे लागतात. समोरून गाडी आली तर ‘M’ अक्षराची पाटी असलेल्या रुंद जागेत थांबून तिला आधी जाऊ द्या.