पट्टा, गमबूट, चिखल: इंग्लंडच्या रानात कुत्र्याबरोबर (अनुभव धागा)

चकलीची आई, रेडिंग

गेल्या रविवारी आमच्याकडे मिसळीला सहा घरं जमली होती, त्यातली चार कुत्रेवाली. गप्पा सुरू झाल्या मॉर्गेजवरून आणि दहा मिनिटांत घसरल्या गोचिडांवर. तेव्हाच ठरवलं, हे सगळं एका जागी लिहून घ्यायचं. इंग्लंडमध्ये कुत्र्याला घेऊन दिवसभर बाहेर पडलात तर काय काय घडलं ते सांगा. जागा सांगाच, पण "खूप छान वॉक झाला" एवढ्यावर सुटका नाही.

सुरुवात माझ्यापासून. चकली रुमेनियाहून आलेली, रस्त्यावरची. शेपटीचं वेटोळं बघून नाव ठेवलं. ती येण्याआधीच्या अकरा वर्षांत आम्ही इंग्लंड पाहिलं ते पाहुण्यांना बाथ आणि स्टोनहेंज दाखवण्यापुरतं. हिला रोज दोन तास चालवावं लागणार हे कळल्यावर ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा केशरी नकाशा घरात आला. त्यावरच्या हिरव्या तुटक रेघा म्हणजे सार्वजनिक पायवाटा. पहिल्यांदा चिल्टर्न्सच्या टेकड्यांमध्ये अशा एका रेघेवरून निघालो, तर खांबावरचा पिवळा बाण थेट उभ्या गव्हात शिरत होता.

माझं माहेर शिरूरचं. दुसऱ्याच्या उभ्या पिकातून जायचं म्हणजे शिव्या खायची तयारी ठेवूनच. आमच्याकडे बांध वीतभर सरकला तर दोन पिढ्या कोर्टात जातात. मी आपली काठाकाठाने चालायला लागले. नवरा ओरडतोय, "अगं, वाट मधून आहे!" तेवढ्यात समोरून ट्रॅक्टर आला. मी मनातल्या मनात माफीची इंग्रजी वाक्यं जुळवतेय, तर त्या बाबाने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं आणि तो निघून गेला. नंतर कळलं, पेरणीनंतर वाटेपुरती पट्टी मोकळी करून देणं ही शेतकऱ्याचीच जबाबदारी. चुकत असेल तर मीच चुकत होते, काठाने चालून.

वर तांबड्या घारी घिरट्या घालत होत्या. इंग्लंडातून नाहीशा झालेल्या या घारी १९९० च्या सुमारास स्पेनमधून पिल्लं आणून चिल्टर्न्समध्ये पुन्हा वसवल्या. चकली त्यांच्यावर कधी भुंकत नाही. कबुतरांवर मात्र तुटून पडते.

भीमाचा बाबा, शेफील्ड

चकलीची आई, या वाटा काही आपोआप मोकळ्या झाल्या नाहीत, हं. आमच्या भागातली गोष्ट ऐका. २४ एप्रिल १९३२ ला गिरण्या-कारखान्यांतली पोरं ठरवून किंडर स्काउट या डोंगरमाळावर चढली. तो सगळा माळ तेव्हा बड्या लोकांच्या शिकारीसाठी राखीव. राखणदारांशी झटापट झाली, पाच जण तुरुंगात गेले. पुढे १९५१ मध्ये देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणून पीक डिस्ट्रिक्ट जाहीर झालं, त्यात हा माळ आला. आम्ही शनिवारी ट्रेनने ईडेलला उतरतो आणि तिथूनच चढायला लागतो. ट्रेनमध्ये एका माणसामागे दोन कुत्र्यांपर्यंत तिकीट लागत नाही. आपल्याला लागतं.

आता माझी फजिती. भीम लॅब्रेडोर, वजन ३४ किलो. इथे दगडी भिंत ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात, त्याला स्टाइल म्हणतात. माणूस चढतो, कुत्रा खाली बसून आपल्याकडे बघत राहतो. मग मी त्याच्या पोटाखाली हात घालायचो, त्याचे ओले पाय माझ्या छातीवर, शेपूट तोंडात, पलीकडे बायको झेलायला उभी. वर्षभर हेच. एका दिवशी असाच लटकलेलो असताना मागून एक आजीबाई आल्या, बरोबर टेरियर. त्यांनी पायरीच्या कडेची एक फळी मुठीत धरून सरळ वर ओढली. खाली चौकोनी भोक उघडलं. टेरियर त्यातून गेला, फळी खाली आली, आजी पायऱ्यांवरून गेल्या आणि जाता जाता "लव्हली डे" म्हणाल्या. माझ्या छातीवर भीम तसाच.

सगळ्याच स्टाइलना ती फळी नसते. पण आधी बघून तरी घ्या.

गोठेवाला, श्रॉपशर

थोडक्यात आणि गंभीरपणे लिहितो. मेंढ्यांची भीती सगळे घालतात, खरा धोका गाईंचा आहे. वासरं जवळ असतील तर जास्तच. आपण गाईला नमस्कार करणारी माणसं, ती आपल्याला काय करणार असं वाटतं. तिला आपल्याशी घेणं नसतं, पण कुत्रा म्हणजे तिच्या लेखी लांडगाच. मागच्या मे महिन्यात एका उतारावर पंधरा-वीस गाई आमच्या मागे लागल्या आणि मी घाबरून पट्टा मनगटाला आणखी गुंडाळला. तिथेच चुकलं. पलीकडच्या फाटकातून एक माणूस हात हलवत ओरडत होता, "सोड, त्याला सोड!" सोडला. कुत्रा बाणासारखा सुटला, गाई त्याच्या मागे, मी करवंदीसारख्या कसल्याशा काटेरी जाळीतून फाटकाकडे. कुत्रा माझ्याआधी पोचून शेपूट हलवत बसला होता.

एरवी पट्टा आखूड ठेवा, कळपाला लांबून वळसा घाला. गाई अंगावर आल्या तर मात्र पट्टा सोडायचा. मेंढ्यांच्या बाबतीत याच्या उलट, तिथे पट्टा कधीच सोडायचा नाही. मेंढ्यांना छळणाऱ्या कुत्र्याला गोळी घालण्याची मुभा शेतकऱ्याला काही परिस्थितीत कायद्याने आहे. शिवाय मोकळ्या माळावर १ मार्च ते ३१ जुलै जास्तीत जास्त दोन मीटरचा पट्टा सक्तीचा, कारण तेव्हा पक्षी जमिनीवर घरटी करतात.

पाऊसवेडी, केंडल

आमचं माहेर सासवडकडचं. आईच्या लेखी कुत्रं अंगणापर्यंत. खंडोबाचं म्हणून भाकरीचा तुकडा घालायची, पण हात लावायचा नाही आणि उंबऱ्याच्या आत तर नाहीच. ती पहिल्यांदा इथे आली तेव्हा बर्फी (गोल्डन रिट्रीव्हर, एक नंबरची हावरट) सोफ्यावर पसरलेली. आई तीन दिवस खुर्चीतच बसली.

चौथ्या दिवशी ऊन पडलं म्हणून केझिकला गेलो. डरवेंटवॉटर तळ्यातल्या लाँचमध्ये कुत्र्यांना मज्जाव नाही. पलीकडे उतरून कॅटबेल्स चढायचा, ४५१ मीटर. आपल्या सिंहगडासमोर पोरच, पण शेवटचा टप्पा हात टेकून चढायचा. आईला काठावरच्या बाकावर बसवलं, शेजारी डबा ठेवला आणि बर्फीचा पट्टा बाकाला बांधून आम्ही दोघं वर गेलो. वाटेत हर्डविक मेंढ्या होत्या. यांची कोकरं जन्मताना काळीभोर असतात आणि वय वाढेल तशा करड्या होत जातात.

खाली आलो तर आई हसतमुख. बर्फीचं डोकं तिच्या मांडीवर, चक्क मांडीवर, आणि तिचा हात बर्फीच्या कानामागे. मला गहिवरून आलं. मग रिकामा डबा दिसला.

"सात खाल्लेन गं," आई म्हणाली. "खाऊ दे. तुपातले आहेत."

रव्याचे लाडू. प्रत्येकात तीन-चार बेदाणे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ले तर होईल याचा नेम नाही. पुढच्या लाँचला वीस मिनिटं होती. तेवढ्यात व्हेटला फोन केला, त्यांनी लाडवांची संख्या, बेदाण्यांची संख्या, बर्फीचं वजन विचारलं. मी आईला विचारतेय, "एका लाडवात किती?" आई म्हणतेय, "असं मोजून घालतं का कुणी?" दवाखान्यात इंजेक्शन देऊन उलटी करवली. फरशीवर रवा, तूप आणि बेदाणे. तिथल्या नर्सने चिमट्याने ते एकेक मोजले. सव्वीस. रात्रभर सलाइन लावलं, दुसऱ्या दिवशी रक्ततपासणी ठीक आली. विमा नसता तर बिलाने आमच्याच किडनीला झटका बसला असता.

आई त्या रात्री जेवली नाही. आता दोन डबे करते. बर्फीला लाडू द्यायचेच नाहीत हे तिला पटलेलं नाही, पण बिनबेदाण्याच्या डब्यावर कुंकवाचं बोट असतं.

कुत्रा नसलेला, ग्लॉस्टरशर

मला कुत्रं नाही, तरी लिहितोय. शेजारच्या बाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं, म्हणून त्यांच्या स्पॅनियलला सहा आठवडे फिरवायचं कबूल केलं. त्याला चौदा महिने झाले.

पहिल्या रविवारी त्याने मला ओढत ओढत दीड मैलावरच्या पबमध्ये नेलं. मी नेलं नाही, त्याने नेलं. दारातून सरळ शेकोटीपाशी जाऊन आडवा झाला. बारवर काचेची बरणी होती, आपल्या टपरीवर खारी-नानकटाईच्या असतात तशी, त्यात कुत्र्यांची बिस्किटं. बारवाल्याने एक बिस्किट न बघताच खाली टाकलं आणि त्याला नावाने हाक मारली. मग सगळ्यांनीच मारली. चार वर्षं त्या गावात राहून माझं नाव कुणाला माहीत नव्हतं. अजूनही नाही. मी "त्याच्याबरोबरचा माणूस" आहे. पण आता जागा धरून ठेवतात, आणि नाताळच्या आधी पबच्या क्विझमध्येसुद्धा घेतलं. क्रिकेटच्या प्रश्नांपुरतं.

एक तक्रार. कुत्र्याची घाण पिशवीत भरून ती पिशवी झाडाला लटकवून जाणारे लोक कोण आहेत? उचलायचीच नव्हती तर भरली कशाला? कॉट्सवोल्ड्सच्या त्या देखण्या वाटेवर फांदीला काळी पिशवी डोलतेय, नवसाच्या चिंधीसारखी.

राणीची मावशी, साउथॅम्प्टन

शर्यतीतून निवृत्त झालेली ग्रेहाउंड आहे आमची. पाचवं वर्ष लागताना मिळाली. लोकांना वाटतं हिला खूप पळवावं लागेल. अहो, ही वीस मिनिटं चालते आणि अठरा तास झोपते. अडचण वेगळीच: हिला मोकळं सोडता येत नाही. ससा दिसला की ताशी साठ किलोमीटरचा वेग, आणि कान बंद. म्हणून आम्ही तासाच्या भाड्याने उंच कुंपणाचं शेत घेतो, अशी खास कुत्र्यांसाठी आता बरीच झालीत. राणी दोन फेऱ्या मारते. उरलेली पन्नास मिनिटं आम्ही तिघं गवतात बसून थर्मासातला चहा पितो. ती पीत नाही, वास घेते.

न्यू फॉरेस्टमध्ये मात्र पट्ट्यावरच. मोकळी फिरणारी तट्टं तिथे रस्त्याच्या मधोमध उभी असतात, आणि त्या प्रत्येकाला मालक आहे. शरद ऋतूत डुकरं सोडतात, कारण ओकची हिरवी फळं तट्टांना बाधतात, ती डुकरांनी आधी खाऊन टाकावीत म्हणून. राणीने आयुष्यात पहिल्यांदा डुक्कर पाहिलं तेव्हा ती माझ्या मागे लपली. डुकराने ढुंकून पाहिलं नाही.

टापटीप, लीड्स

अनुभव नाही, फक्त राहिलेल्या दोन गोष्टी. गोचीड हाताने उपटू नका. प्लास्टिकचा छोटा आकडा मिळतो, तो कातडीलगत सरकवून गोल फिरवत काढायचा. आणि जून-जुलैत घरी आल्यावर पंज्यांच्या बोटांमध्ये कुसळं बघा. आपल्या धोतर-लुगड्यात अडकायची तीच जात. आत शिरली की पुढे पुढेच जातात.

वाघ्याचे आजोबा, डर्बी

आमचा वाघ्या आता चौदाचा. एके काळी यॉर्कशरमधल्या मॅलम कोव्ह या कड्याच्या माथ्यावरच्या चुनखडीच्या फटींवरून बकरीसारखा उड्या मारायचा. आता पायरी चढवत नाही. चढण नको, स्टाइल नको, गाई नकोत, म्हणून मॉन्सल ट्रेल. जुनी रेल्वेलाइन, १९६८ साली गाड्या बंद झाल्या, आता साडेआठ मैलांची सपाट वाट आहे. मुलाने कुत्र्यांची हातगाडी घेऊन दिली. मला आधी लाज वाटायची. लोक बाळ समजून वाकून बघतात आणि आतून पांढऱ्या मिशांचा वाघ्या.

अर्धा मैल तो चालतो, मग थांबून गाडीकडे बघतो. उचलून ठेवला की पुढचा प्रवास ऐटीत. २०११ मध्ये तिथले बोगदे चालणाऱ्यांसाठी खुले झाले. बोगद्याच्या मध्यावर आलो की तो मान वर करतो आणि एकदाच भुंकतो. भिंतींवरून आवाज घुमून परत येतो, बऱ्यापैकी तरुण वाटतो. तो कान टवकारून ऐकतो आणि पुन्हा डोकं टेकतो. परतीच्या वाटेवर त्याच जागी पुन्हा एकदा.

भीमाचा बाबा, शेफील्ड

आजोबा, संध्याकाळी जात असाल तर टॉर्च ठेवा बरोबर. अंधार पडला की त्या बोगद्यांतले दिवे बंद होतात.