दशावतारावरील एक जुने संकेतस्थळ मोफत होस्टिंगवर हलवण्याबाबत मार्गदर्शन हवे आहे

देवबागकर (प्रश्नकर्ता)

नमस्कार.

माझे काका सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिक्षक होते. निवृत्तीनंतर, २००६ साली, त्यांनी दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यावर एक संकेतस्थळ सुरू केले आणि गेल्या पावसाळ्यात ते गेले तोपर्यंत त्यात भर घालत राहिले. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की ध्वनिमुद्रक पिशवीत टाकून रात्रभर देवळाच्या आवारात बसायचे हा त्यांचा नेम होता. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात आणि पुढचे सगळे बोलणे नट तिथल्या तिथे रचतात, त्यामुळे त्या रात्रीचे मुद्रण एवढीच त्या प्रयोगाची संहिता असते. अशी सुमारे १४० मुद्रणे, सातशेच्या आसपास छायाचित्रे आणि तीनशेहून अधिक लेख त्या संकेतस्थळावर आहेत.

होस्टिंगची, म्हणजे संकेतस्थळ ठेवण्याच्या भाड्याच्या जागेची, मुदत सात आठवड्यांनी संपते आहे. गेल्या वर्षीचे देयक साडेसहा हजारांचे होते. काकूंनी निवृत्तिवेतनातून ते दरवर्षी भरावे असे मला वाटत नाही, आणि काकूंचीही तशी इच्छा नाही. एकूण आकार साडेचार जीबी आहे, त्यातले चार जीबी नुसते ध्वनिमुद्रण. २०११पूर्वीची पाने काकांनी हाताने लिहिलेल्या एचटीएमएलमध्ये (वेबपानांच्या भाषेत) असून ती युनिकोड ही सर्व लिप्यांची समान संगणकीय पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या फाँटमध्ये आहेत. त्यानंतरचा सगळा भाग वर्डप्रेस या लेख प्रकाशित करण्याच्या प्रणालीवर आहे. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, डॉट कॉमचे आहे.

कोणती मोफत सेवा निवडावी, आणि ठिकठिकाणी लोकांनी देऊन ठेवलेले जुने दुवे हलवल्यानंतरही चालतील का, हे कृपया सांगावे. मी हिशेबनीस आहे. संगणकाचे ज्ञान कामापुरते आहे.

जुनी पाने (सदस्याचे टोपणनाव)

देवबागकर, सेवा कोणती हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. आज रात्री दोन कामे करा, बाकी सगळ्याला सात आठवडे पुरेसे आहेत.

पहिले काम प्रतीचे. होस्टिंगच्या नियंत्रण कक्षात जाऊन सगळ्या फाइली आणि वर्डप्रेसचा डेटाबेस दोन्ही उतरवून घ्या आणि दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. बरेच जण केवळ फाइली घेतात आणि लेख डेटाबेसमध्ये राहून जातात, हे मुदत संपल्यावर कळते. डेटाबेसची प्रत साध्या संपादकात उघडून देवनागरी नीट दिसते का ते पाहा. जुन्या स्थापनांमध्ये मजकूर युनिकोडचा आणि तक्त्यावर नोंद लॅटिन संकेतप्रणालीची असा प्रकार असतो, आणि मग निर्यात करताना प्रत्येक देवनागरी अक्षर ज्या तीन बाइटांत साठवलेले असते त्यांची तीन निरर्थक चिन्हे होतात. अशी प्रत बहुधा दुरुस्त करता येते, परंतु मूळ जागा हयात असताना पुन्हा निर्यात करणे त्याहून सोपे आहे.

दुसरे काम डोमेनचे, आणि माझ्या मते खरा धोका तिथे आहे. होस्टिंग आणि डोमेन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. जागा गेली तर प्रतीवरून दुसरीकडे उभारता येते, पण नाव गेले तर जुने सगळे दुवे एकदम मरतात. डॉट कॉमचे नाव मुदत संपून नोंदणीसंस्थेने, म्हणजे ते जिच्याकडे नोंदवले त्या कंपनीने, रद्द केले की ते ३० दिवस जादा शुल्क भरून सोडवता येते, पुढे ५ दिवस ते हटवण्याच्या रांगेत असते आणि त्यानंतर कोणालाही घेता येते. चांगली जुनी नावे टिपणारे लोक टपलेले असतात, आणि दशावताराच्या नावाखाली जुगाराची जाहिरात दिसणे ही काही अशक्य गोष्ट नाही. म्हणून वर्षाला हजार ते दीड हजार रुपये डोमेनवर खर्च करा आणि मोफत ठेवायचे ते होस्टिंग तेवढे मोफत ठेवा. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांपर्यंत नाव भरून ठेवता येते. मोफत नावांच्या मागे मात्र लागू नका. ती वाटणाऱ्या फ्रीनॉम या कंपनीने २०२३ साली नवी नोंदणीच थांबवली.

एक गोष्ट लगेच तपासा. नोंदणीसंस्थेकडे काकांचा कोणता ईमेल आहे? तो त्याच संकेतस्थळाच्या नावाचा असेल, तर होस्टिंग बंद होताच ती टपालपेटी बंद होईल, आणि नाव सोडवण्यासाठी लागणारा सांकेतिक आकडा त्याच बंद पेटीत जाऊन पडेल. मी हे स्वतःच्या घरात अनुभवले आहे. ईमेल आधी बदला, नंतर नाव काकूंच्या नावावर करा. नोंदणीदार बदलल्यावर बहुतेक ठिकाणी ६० दिवस दुसऱ्या नोंदणीसंस्थेकडे जाता येत नाही, त्यामुळे आहे तिथेच नूतनीकरण करावे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मोफत सेवा बहुतेक स्थिर पानेच देतात, म्हणजे वर्डप्रेसला लागणारी पीएचपी ही भाषा आणि डेटाबेस तिथे चालत नाहीत. तुमच्या बाबतीत ही अडचण नसून सोय आहे, कारण या संकेतस्थळात आता नवे काही लिहिले जाणार नाही, आणि ज्या वर्डप्रेसला कोणी अद्ययावत ठेवणार नाही ते वर्षभरात कोणीतरी फोडते. वर्डप्रेसमध्ये ‘सिंपली स्टॅटिक’ हे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) घाला. ते प्रत्येक लेखाचे तयार एचटीएमएल पान करून देते. जुन्या प्रतिक्रिया त्यात छापल्यासारख्या राहतील. नवी प्रतिक्रिया लिहिण्याची चौकट आणि संपर्काचा फॉर्म मात्र आधी काढून टाका, नाहीतर लोक लिहीत राहतील आणि ते कुठेच पोहोचणार नाही.

ही पाने गिटहब पेजेस या मोफत सेवेवर ठेवावीत असे मी सुचवेन. तिथे प्रकाशित संकेतस्थळाला १ जीबीची मर्यादा आहे, १०० एमबीहून मोठी फाइल स्वीकारली जात नाही, आणि महिन्याला १०० जीबी वाहतुकीची सैल मर्यादा आहे, जी तुम्हाला लागणार नाही. स्वतःचे डोमेन जोडता येते व सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र आपोआप मिळते. क्लाउडफ्लेअर पेजेसही चांगले आहे, पण तिथे एका फाइलला २५ एमबीचे बंधन आहे. तुमचे लेख आणि छायाचित्रे मिळून अर्धा जीबी होतात, ते कुठेही मावतील. ध्वनिमुद्रणे इंटरनेट अर्काइव्ह या मोफत संग्रहावर चढवा आणि पानातून तिथला दुवा द्या. प्रत्येक मुद्रणाला आख्यान, नाटक मंडळी, गाव आणि तारीख ही माहिती तिथेच जोडा. नुसते ‘ट्रॅक ०७’ नावाचे मुद्रण टिकले काय नि न टिकले काय!

आडवाट

एवढा खटाटोप कशाला? वेबॅक मशीनवर, म्हणजे इंटरनेट अर्काइव्हच्या जुन्या वेबपानांच्या साठ्यात, हे संकेतस्थळ आधीच साठलेले असणार. जे पान नसेल ते तिथल्या जतन-सोयीने घालावे आणि मोकळे व्हावे. मोफत होस्टिंगवर विश्वास ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही. जिओसिटीज हे मोफत संकेतस्थळांचे ठिकाण १९९९ साली याहूने घेतले आणि २००९ साली बंद केले, तेव्हा लक्षावधी लोकांची पाने गेली. त्यातली बरीचशी वाचली ती स्वयंसेवकांनी मुदतीआधी धावपळ करून उतरवली म्हणून.

जुनी पाने

आडवाट, जिओसिटीजचे उदाहरण तुमच्या विरुद्धच जाते. ज्यांच्या घरी प्रत होती त्यांचे काही गेले नाही. मोफत जागा ही उसनी जागा आहे हे मान्य, आणि म्हणूनच स्थिर पाने हवीत: सेवा बंद झाली तर तेच फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवायचे आणि डोमेनची दिशा बदलायची, अर्ध्या दिवसाचे काम.

वेबॅक मशीनमध्ये पाने जरूर घालावीत, परंतु त्यावरच विसंबू नये. वाचकाला जुना पत्ता आधी ठाऊक असावा लागतो, गूगलच्या शोधात त्या प्रती येत नाहीत, आणि ध्वनिफाइली अनेकदा साठवलेल्या नसतात. ऑक्टोबर २०२४मध्ये हल्ला झाल्यानंतर इंटरनेट अर्काइव्ह स्वतःच काही दिवस बंद होते. याच कारणाने देवबागकरांनी मुद्रणांची डिस्कवरची प्रतही जपून ठेवावी.

रफार

२०११पूर्वीच्या पानांविषयी कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. मी एका जुन्या दिवाळी अंकाचा मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम केले आहे.

युनिकोडपूर्व फाँटातले पान म्हणजे खरे तर इंग्रजी अक्षरांवर चढवलेला देवनागरी मुखवटा असतो. फाँट असेल तोवर मराठी दिसते, नाहीतर अर्थहीन रोमन. ती पाने जशीच्या तशी हलवली तर ती ‘जतन’ होतील, पण कोणाला वाचता येणार नाहीत आणि शोधातही सापडणार नाहीत. फाँटची फाइल सोबत ठेवावी म्हटले, तर अशा बहुतेक फाँटांचा परवाना विकत घेतलेला असतो, तो सर्वांना वाटता येत नाही.

म्हणून रूपांतर करावेच लागेल. ज्या फाँटात मजकूर आहे नेमक्या त्याच फाँटाचा परिवर्तक शोधा. एकाच कंपनीच्या दोन फाँटांतही मांडणी वेगळी असू शकते. यांत्रिक रूपांतरानंतर तीन ठिकाणी डोळ्यांनी तपासणे भाग आहे. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकलेला असतो, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा आहे, त्यामुळे जोडाक्षरांवर ही चिन्हे भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. तिसरी गोष्ट म्हणजे अर्धचंद्राकृती र. बरेच परिवर्तक हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असल्याने ‘ऱ्य’चे ‘र्य’ होते, मग ‘किनाऱ्यावर’चे ‘किनार्यावर’ होते, आणि ‘आचाऱ्यांना’ व ‘आचार्यांना’ यांतला फरक पुसला जातो. दशावताऱ्यांवरच्या लेखात ही चूक प्रत्येक परिच्छेदात भेटेल.

मूळ पानेही एका वेगळ्या फोल्डरात न बदलता ठेवा. रूपांतरात काय बिघडले हे दहा वर्षांनी कोणाला पाहायचे असेल तर तोच आधार राहील.

अर्जंटी

वकिलीचा सल्ला म्हणून नव्हे, माहिती म्हणून लिहितो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनावरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. काकांच्या लेखांचा हक्क आता वारसांकडे आहे, तेव्हा काकूंची लेखी संमती घरातल्या घरात का होईना, घेऊन ठेवा. पाहुण्या लेखकांचे लेख असतील तर त्यांचा हक्क त्यांच्याकडे किंवा त्यांच्या वारसांकडे आहे. ध्वनिमुद्रणांत नटांचा आणि वादकांचा कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क येतो व तो ५० वर्षांचा असतो. इंटरनेट अर्काइव्हवर चढवताना परवाना निवडायला सांगतात. तिथे ‘सर्वांसाठी मुक्त’ अशी खूण सहज करून टाकू नका, ते देणे आपल्या हातात नसते. ज्या मंडळींशी काकांचे बोलणे होते त्यांना एक फोन करावा; बहुतेक जण आनंदाने हो म्हणतील, आणि एखाद्या मुद्रणातला नट कोण होता हेही त्याच फोनवर कळेल.

देवबागकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन आठवड्यांची प्रगती कळवतो.

नोंदणीचा ईमेल खरोखरच त्याच संकेतस्थळाच्या नावाचा निघाला. काकूंना त्याचा पासवर्ड कालनिर्णयच्या मागच्या बाजूला, गॅस सिलिंडरच्या तारखांशेजारी लिहिलेला सापडला. ईमेल बदलला आहे, डोमेन पाच वर्षांसाठी भरले आहे.

एक अडचण आली आहे. सिंपली स्टॅटिकने केलेली संकुचित फाइल माझ्या विंडोज लॅपटॉपवर उलगडली तेव्हा ३०७ लेखांपैकी २६९च उतरले. जे राहिले त्यांची शीर्षके लांब आहेत, एवढेच समान सूत्र दिसते. शिवाय काही जुने दुवे लेखाच्या नावाऐवजी प्रश्नचिन्ह आणि क्रमांक अशा स्वरूपाचे आहेत, ते नव्या जागी चालत नाहीत.

जुनी पाने

तुमचे सूत्र बरोबर आहे. देवनागरी पत्ता वेबवर टक्केवारीच्या चिन्हांत लिहिला जातो आणि एका अक्षरचिन्हाला नऊ जागा लागतात. वर्डप्रेस लेखाचे नाव २०० जागांवर तोडते, म्हणजे बावीस अक्षरचिन्हांतच ते भरते. विंडोजमध्ये फोल्डरांसह संपूर्ण मार्गाची नेहमीची मर्यादा २६० जागांची आहे. तुम्ही ते ‘डेस्कटॉप’वरच्या एखाद्या लांब नावाच्या फोल्डरात उलगडले असणार. डी ड्राइव्हवर थेट एकाक्षरी फोल्डर करून तिथे उलगडा.

क्रमांकाच्या दुव्यांसाठी मुखपृष्ठावर एक छोटी स्क्रिप्ट हवी, कारण प्रश्नचिन्हानंतरचा भाग स्थिर सेवा पाहतच नाही आणि असा वाचक मुखपृष्ठावर येऊन थांबतो. क्रमांक आणि लेखाचा नवा पत्ता अशी ३०७ ओळींची यादी डेटाबेसमधून काढा. स्क्रिप्ट तो क्रमांक वाचेल आणि वाचकाला योग्य पानावर नेईल. यादी तक्त्यात तयार करून द्या, स्क्रिप्ट मी लिहून देतो. तुम्ही हिशेबनीस आहात, यादीत चूक होणार नाही.

देवबागकर

डी ड्राइव्हवर ३०७ उतरले. यादी उद्या पाठवतो. जुन्या फाँटातली पाने ९४ आहेत. रूपांतर झाले की छापून काकूंना देतो आहे, कारण आख्यानांची आणि गावांची नावे त्यांना तोंडपाठ आहेत. पहिल्या अकरा पानांत त्यांनी लाल शाईने चौसष्ट चुका काढल्या, त्यातल्या निम्म्याहून अधिक ‘ऱ्य’च्या निघाल्या.