'लाईन' हा एकच शब्द आहे का दहा? पोरांना कसं समजावू?

सेलूचा_मास्तर:
नमस्कार मंडळी. सेलूजवळच्या एका गावात आठवी-नववीच्या लेकरांचे इंग्रजीचे क्लास घेतो. परवा एका पोरीला लाईन शब्द घेऊन पाच वाक्यं लिहून आण म्हणलं, तर तिचं पहिलंच वाक्य, "काल रात्री आमच्या गावची लाईन गेली". आता घरोघरी आपण हेच बोलतो, लाईन कवा येणार, या हप्त्यात रात्रीची लाईन हाय का दिवसाची, पण इंग्रजीत विजेला पावर म्हणतात, लाईन गेली म्हणलं की समोरच्याला फोन बंद पडला असं वाटंल. मी वाक्य खोडलं. तिचं तोंड एवढंसं झालं आन् म्हणली, सर मग लाईनमन कशाचा असतो? मला पटकन उत्तरच देता आलं नाही. घरी येऊन डिक्शनरी उघडली तर रेष, दोरी, रांग, कवितेची ओळ, नाटकातलं वाक्य, रूळ, वंश, धंदा, सरहद्द, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, संपतच नाही. हे सगळं पाठ करा म्हणायचं नाही मला लेकरांना. याला काही धागा हाय का?

जवस_ज्वारी:
सर, तुम्ही धागा म्हणलात आणि उत्तर तेच आहे. लॅटिनमध्ये जवसाला लिनम म्हणतात, आणि त्या जवसाच्या देठापासून काढलेल्या सुताची दोरी म्हणजे लिनिया, त्यावरून लाईन. आपण भाकरीसंगं ज्याची चटणी खातो तेच जवस, फक्त आपल्याकडं ते तेलासाठी पेरतात आणि तिकडं धाग्यासाठी पेरायचे, लिनन कापड त्याचंच. शास्त्रीय नावच लिनम युसिटॅटिसिमम आहे, म्हणजे अतिशय उपयोगाचं जवस. तर आधी एक ताणलेली दोरी डोळ्यापुढं आणायची. दोरी ताणली की सरळ रेष दिसते, रेषेवर माणसं उभी केली की रांग, रेषेवर अक्षरं मांडली की ओळ, बापापासून नातवापर्यंत धरत गेलं की वंश. आणि तुमच्या पोरीचा लाईनमन खांबावर चढतो तो तारेसाठी, तार म्हणजे लाईन, हे इंग्रजीतही बरोबरच आहे. तारेतून येते ती पावर. म्हणजे पोरगी अर्धी बरोबर होती, तिला तसं नक्की सांगा.

अजून एक, लायनिंग. आपल्याकडं लायनिंगचा शर्ट म्हणजे पट्ट्यापट्ट्याचा, इंग्रजीत लायनिंग म्हणजे अस्तर, कारण कपड्याला आतून लिनन लावायचे. इथं पोरं हमखास चुकतात.

ओळंबा:
मी बांधकामातला माणूस, इंग्रजी बेताचंच, पण हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहायलोय. आमचे मिस्त्री वीट रचायच्या आधी दोन टोकाला खिळे ठोकून जी दोरी ताणतात तिला लाईनदोरीच म्हणतात, म्हणजे जवस_ज्वारी यांनी सांगितलेली मूळ वस्तू आजबी रोज साईटवर वापरात हाय. आन् आपल्या मराठीनंबी तेच केलंय बघा. भिंत सरळ असली की आम्ही म्हणतो भिंत सुतात हाय. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. सूत म्हणजे धागाच की. सर, लेकरांना सूत, सूत्र, सुतात हे आधी सांगा, मग लाईन आपोआप कळंल.

जवस_ज्वारी:
ओळंबा दादा, अंगावर काटा आला. इंग्रजांचंबी जुनं माप होतं लाईन नावाचं, इंचाचा बारावा भाग.

रूळावरचा:
वडील रेल्वेत होते म्हणून दोन गोष्टी. लाईन क्लिअर हे आपण सोयरिकीपासून तिकिटापर्यंत कुठंबी वापरतो, पण ते मुळात रेल्वेचं आहे, पुढच्या स्टेशननं लाईन क्लिअर दिल्याशिवाय मागचा मास्तर गाडी सोडत नाही. आणि पोलीस लाईन म्हणतो ती लष्कराकडून आलेली, छावणीत तंबूंच्या, बराकींच्या रांगांना लाइन्स म्हणायचे. डेडलाईनचं मात्र पोरांना सांगताना जड जाईल. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६४ ला अँडरसनव्हिलच्या कैद्यांच्या तळावर एक हद्द आखलेली होती, ती ओलांडली की गोळी. आज आपण फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेला तोच शब्द वापरतो.

लातूरवाली_ताई:
सर, गोष्ट छान आहे पण पेपरात मार्क गोष्टीला नाही पडत. माझ्या मते जिथं आपली लाईन आणि इंग्रजीतली लाईन वेगळी पडते तेवढंच वहीत लिहून द्या. आमच्याकडं दहावीचा निकाल लागला की सगळे विचारायलेत, कोणत्या लाईनीला टाकलं, सायन्स लाईन का कॉमर्स. इंग्रजीत तिथं स्ट्रीम लागतं, लाईन लागते ती कामधंद्याला. रांगेला अमेरिकेत लाईन चालते, ब्रिटिश क्यू म्हणतात. गणितातली रेषा दोन्हीकडं संपतच नाही, वहीत काढतो तो रेषाखंड, हे मुली मिसळून टाकतात. आणि लाईन मारणं हे आपलं देशी, ते इंग्रजीत तसंच्या तसं लिहू नका म्हणावं.

सेलूचा_मास्तर:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंचं म्हणणं पटलं, वहीत दोन रकाने करून दिले. पण आधी गावातल्या मिस्त्रीकडून लाईनदोरी मागून आणली, वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणली आन् चिमूटभर जवस प्रत्येकाच्या हातावर ठेवलं. त्या पोरीला सगळ्यांसमोर सांगितलं की तुझा लाईनमन बरोबर होता, मीच घाई केली. तिनं लगेच पुढचं विचारलं, सर ऑनलाईनमधी दोरी कुठंय, मोबाईलला तर वायरच नाही.

रूळावरचा:
आहे की. मोबाईलपासून टॉवरपर्यंत तेवढी हवेतून, तिथून पुढं बहुतेक ठिकाणी जमिनीखालून केबल, आणि परदेशातलं पान उघडलं तर मुंबईला वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून समुद्राच्या तळाशी टाकलेली केबल. केसाएवढ्या काचेच्या तंतूंची आहे ती. तिला सांगा, दोरी आहे, फक्त जवसाची नाही.